आप्पांनी बंद केलेली गोळी

"पाच मिनिटं शांत बसा. पाय जमिनीला टेकवा, पायावर पाय टाकू नका. पाठ टेकवा. आता बोलायचं नाही."

दोन वर्षं हे मी रोज सात-आठ घरांत सांगत होते. समोरचं माणूस डोळे मिटून बसायचं. मी मात्र तेवढ्या वेळात पेनाचं टोपण काढायचे, लावायचे, फॉर्मची पानं उगाच चाळायचे, भिंतीवरच्या कॅलेंडरातले सण वाचायचे. एकदा एका बाईंनी डोळे मिटलेलेच ठेवून म्हटलं, "ताई, तुमच्या बांगड्या वाजतात हो." त्या दिवसापासून कामावर जाताना मी बांगड्या घरी काढून ठेवायला लागले. तरी पाय हलायचे ते हलायचेच. मला लहानपणापासून एका जागी बसता येत नाही. आणि काम नेमकं मिळालं ते लोकांना एका जागी बसवायचं.

त्याआधी बारा वर्षं मी उल्हासनगरला एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम केलं. लॅब बंद झाली तेव्हा तिथल्या जुन्या डॉक्टरांनी मला एका मॅडमकडे पाठवलं. मॅडम एका मेडिकल कॉलेजात हृदयाच्या डॉक्टर. त्यांनी एक अभ्यास हाती घेतला होता. बीपीच्या माणसांना गोळी न वाढवता, नुसतं मीठ कमी करून, रोज चालायला लावून आणि हळू श्वास घ्यायला शिकवून बीपी किती उतरतो ते त्यांना बघायचं होतं. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर इथली माणसं निवडली होती. निम्म्यांना हे सगळं नीट शिकवायचं, निम्म्यांना नेहमीचा सल्ला द्यायचा. कोण कुठल्या गटात जाणार हे कॉम्प्युटर ठरवायचा. माझ्याकडे फक्त बंद लिफाफे यायचे. मी स्कूटीवरून घरोघर जायचं, लिफाफा उघडायचा, शिकवायचं, महिन्याने परत जाऊन बीपी मोजायचा.

सुरुवातीला एक मोठा फॉर्म वाचून दाखवून सही घ्यावी लागे. चार पानं होती. तुमची माहिती गुप्त राहील, तुम्ही कधीही अभ्यास सोडू शकता, वगैरे. त्यात तिसऱ्या पानावर एक ओळ होती: चालू असलेल्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत. ती ओळ मी प्रत्येक घरात वाचली. वाचली नाही असं एकदाही झालं नाही. पण तिसऱ्या पानापर्यंत येईपर्यंत माणसं जांभया द्यायला लागायची, आतून कुकरची शिट्टी व्हायची, आणि मी तिसरं पान पहिल्या पानापेक्षा खूप भरभर वाचायचे. हे आज सांगते. तेव्हा ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

काम मला आवडायचं, कारण त्यात फिरणं होतं. आणि माणसं मजेशीर भेटायची. उल्हासनगरला चार नंबरच्या कॅम्पात एक सिंधी आंटी होत्या. साठीच्या, गोऱ्या, गुडघेदुखीने हैराण. त्यांना मराठी सगळं समजायचं, बोलताना निम्मी हिंदी. पहिल्या दिवशी मी मिठाचं सांगायला गेले, तर त्यांनी माझ्यापुढे पाण्याचा ग्लास आणि भाजलेला पापड ठेवला. त्यांच्याकडे आल्यागेल्याला पाण्याबरोबर पापड देतातच.

मी म्हटलं, "आंटी, यातच तर मीठ आहे."

"बेटा, भाजी में मीठ कमी करेगी मैं. डाल में भी. लेकिन पापड को हात नहीं लगाना."

किती मीठ पोटात जातं ते तपासायला चोवीस तासांची लघवी गोळा करावी लागते. त्यासाठी पाच लिटरचे पांढरे कॅन आम्ही द्यायचो. आंटींच्या सुनेने त्या कॅनवर आधी फडकं गुंडाळलं, मग तो बाथरूममध्ये बादलीमागे लपवला. दुसऱ्या दिवशी मी न्यायला गेले तर कॅन अगदी कोरडा. आंटी हसत म्हणाल्या, "शरम आती है बेटा, भूल गई." तीन वेळा मी त्यांच्याकडे कॅनसाठी खेपा घातल्या. चौथ्या वेळी भरला. स्कूटीवर पायाशी तो कॅन ठेवून खड्ड्यांतून अंबरनाथच्या तपासणी केंद्रापर्यंत यायचं म्हणजे जीव मुठीत.

आता घरचं सांगते. बदलापूर पूर्वेला दोन खोल्यांच्या घरात मी, आई आणि आप्पा. आप्पा म्हणजे माझे वडील. माझं लग्न झालं नाही, भाऊ पुण्याला असतो. आप्पा अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत बत्तीस वर्षं होते. रिटायर झाल्यावर त्यांनी दहा दिवसांचं ध्यान शिबिर केलं आणि तिथून ते बदललेच. पूर्वी तापट होते, युनियनच्या मीटिंगमध्ये टेबलावर हात आपटणारे. शिबिरानंतर पहाटे उठून बसायला लागले. दर रविवारी विहारात जाऊन लहान मुलांना आनापान शिकवायचे. श्वास आत येतोय, बाहेर जातोय, एवढंच बघायचं.

त्यांना बीपीची गोळी नऊ-दहा वर्षांपासून चालू होती. सकाळी चहानंतर एक. ती घेताना त्यांच्या चेहऱ्यावर दरवेळी एक नाराजी यायची. "यंत्राला तेल घालावं तसं रोज हे घालायचं," ते म्हणायचे.

मी या कामाला लागले तेव्हा सर्वांत जास्त आनंद त्यांना झाला. श्वासाचं शिकवायचं प्रशिक्षण घेऊन मी पहिल्या दिवशी घरी आले आणि आरशासमोर उभी राहून बोलायची तयारी करत होते. चार आकडे मोजत श्वास आत, सहा आकडे मोजत बाहेर, मिनिटाला सहाच श्वास. आप्पा दारात उभे राहून ऐकत होते.

"हे तुमच्या डॉक्टरांनी शोधलं?" त्यांनी विचारलं.

"शोधलं नाही आप्पा. तपासतायत."

"अडीच हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय."

"ध्यान वेगळं आणि हे वेगळं. त्यात मोजायचं नसतं ना?"

"मोजा नाहीतर मोजू नका. श्वास तोच," ते म्हणाले आणि इतके खूश होऊन हसले की मलाही हसू आलं. आपल्या घरातली पोरगी आपल्याच शिकवणीचं कॉलेजच्या डॉक्टरांबरोबर संशोधन करते, हे ते विहारात सगळ्यांना सांगायचे. मला लाज वाटायची आणि बरंही वाटायचं.

नातेवाईकांना अभ्यासात घेता येत नव्हतं. पण आप्पा आपणहून सगळं करायला लागले. सकाळ-संध्याकाळ पंधरा-पंधरा मिनिटं मोजून श्वास. नदीपर्यंत चालत जाऊन परत. आईचं सुकट आणि खारे बोंबील बंद करायला निघाले तेव्हा मात्र घरात दोन दिवस अबोला होता. शेवटी आई बोंबील रात्रभर पाण्यात भिजवून, पाणी टाकून करायला लागली. "चव गेली, जीव राहू दे," म्हणाली.

माझं जुनं बीपीचं मशीन मी त्यांना दिलं होतं. ते एका वहीत रोज आकडे लिहायचे, युनियनचे हिशेब लिहायचे त्याच सुबक अक्षरात. एकशे अठ्ठावीस. एकशे चोवीस. एकशे सव्वीस. मी वही बघायचे आणि मला उड्या माराव्याशा वाटायच्या. एकदा मी ती मॅडमना मोबाइलवर फोटो काढून दाखवलीसुद्धा. मॅडम म्हणाल्या, "छान. गोळी किती आहे त्यांना?" मी म्हटलं, "जुनीच, सकाळची एक." एवढंच बोलणं झालं. पुढचं घर माझी वाट बघत होतं.

तो मंगळवार होता. सकाळचे आठ वाजून गेले होते, मी डबा भरत होते. आप्पा अंघोळ करून आले आणि पलंगावर बसून शर्ट घालायला लागले. बराच वेळ झाला तरी ते तिथेच. मी ओट्यापासून विचारलं, "आप्पा, चहा घेताय ना?"

त्यांनी काहीतरी उत्तर दिलं. शब्द नव्हते ते, तोंडात घास असताना बोलावं तसा आवाज होता. मी वळले. डाव्या हाताने बटण धरायचा प्रयत्न चालला होता आणि बोटं कापडावरून घसरत होती. तोंड एका बाजूला किंचित उतरलेलं.

मला सगळं माहीत होतं. हे कसं दिसतं, काय करायचं, किती घाई करायची, आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं. तरी दोन-तीन क्षण मी डब्याचं झाकण हातात धरून नुसती उभी होते. आयुष्यात एवढी स्थिर मी कधीच उभी राहिले नव्हते. मग आई ओरडली आणि मी भानावर आले. मशीन लावलं. वरचा आकडा दोनशेच्या पुढे. शेजारच्यांची गाडी होती, त्यांनी लगेच काढली. मागच्या सीटवर आप्पांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि ते श्वास मोजत होते. ओठ हलत होते. एक, दोन, तीन, चार.

हॉस्पिटलमध्ये तरुण डॉक्टरने पहिला प्रश्न विचारला, "बीपीची गोळी रोज घेतात?"

"हो," मी म्हटलं. "नऊ-दहा वर्षं. एक दिवस चुकवत नाहीत."

आप्पांनी उजवा हात उचलला आणि नाही म्हणून हलवला.

डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. मी आप्पांकडे. त्यांनी डोळे मिटून घेतले.

छोटा स्ट्रोक होता. मेंदूतल्या एका बारीक रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. वेळेत आणलं म्हणून बरं, असं सगळे सांगत होते. त्यांना आत नेलं आणि आईला बाहेर बसवून मी कपडे आणायला घरी आले. कपाट उघडलं. खालच्या खणात त्यांचं कंपनीचं जुनं पिवळं हेल्मेट होतं. ते बाजूला सरकवताना आत काहीतरी खुळखुळलं. आत गोळ्यांच्या स्ट्रिप होत्या. रबर लावून, नीट रचून ठेवलेल्या. एकही गोळी फोडलेली नाही. चार महिन्यांच्या. दर महिन्याला ते मेडिकलमध्ये जाऊन गोळ्या आणत होते, म्हणजे आम्हाला शंका येऊ नये, आणि आणून त्या हेल्मेटमध्ये ठेवत होते.

मी त्या स्ट्रिप घेऊन फरशीवर बसले. मग उठले. मग घरभर फिरले. काय शोधत होते कोण जाणे. वही हाताला लागली. शेवटच्या पानापर्यंत तेच आकडे, एकशे तीस, एकशे अठ्ठावीस. मला समजेना, की गोळी बंद होती तर हे आकडे कसे? मग प्रत्येक ओळीपुढे लिहिलेली वेळ बघितली. सकाळी पावणेसहा, संध्याकाळी पावणेसात. ही त्यांची श्वास संपवून उठायची वेळ होती. पंधरा मिनिटं संथ श्वास घेतल्यावर कुणाचाही बीपी थोडा वेळ खाली येतो. ते मशीन नेमकं तेव्हाच लावायचे आणि बाकीचा दिवस त्यांचं रक्त काय करत होतं ते कुणालाच माहीत नव्हतं. मोजायचं कधी आणि कसं, हे परक्या घरांत मी चार-चार वेळा समजावलं होतं. आप्पांना एकदाही विचारलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी त्यांची जीभ बरीच मोकळी झाली. आई चहा आणायला खाली गेली होती. मी विचारलं, "का केलंत असं?"

ते छताकडे बघत होते. "तूच सांगत होतीस ना," ते सावकाश, शब्द जोडत म्हणाले. "बिनागोळीचा इलाज."

"मी गोळी बंद करा असं कधी म्हटलं?"

"नाही म्हटलंस." मग म्हणाले, "मला वाटलं, आपलं खरं ठरतंय. तुझंही आणि आपल्या शिकवणीचंही. मध्ये गोळी असली तर लोक म्हणतील, गोळीनेच झालं. मग मी ती मधून काढली."

मला रडू आलं नाही. राग आला. त्यांचा, माझा, त्या तिसऱ्या पानाचा. मी खोलीच्या बाहेर आले आणि त्या लांबलचक पॅसेजमध्ये टोकापासून टोकापर्यंत चालत राहिले. एक नर्स म्हणाली, "ताई, बसा ना जरा." मी बसले नाही. चालता चालता एकच गोष्ट डोक्यात घुमत होती. आप्पा शिकलेले, वर्तमानपत्र वाचणारे, घरात माझ्यासारखी पोरगी. त्यांनी हे केलं. मग ज्या शंभर घरांत मी पंधरा मिनिटं बसून उठून जाते, तिथे काय चाललंय?

दुसऱ्या दिवशी मी मॅडमकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी आधी आप्पांची चौकशी केली, कागद मागून बघितले, ओळखीच्या डॉक्टरला फोन लावला. मग म्हणाल्या, "वाईट झालं. पण ते आपल्या अभ्यासात नव्हते."

"मॅडम, बाकीचे आहेत ना अभ्यासात."

"त्यांना आपण दर वेळी विचारतो. गोळ्या चालू आहेत का, हो की नाही. सगळ्यांचं हो आहे."

"आप्पांना विचारलं असतं तर त्यांनीही हो म्हटलं असतं."

त्यांनी हातातले कागद खाली ठेवले. मी म्हटलं, "मला आठ दिवस द्या. मी विचारणार नाही. स्ट्रिप बघणार."

मी बदलापूरजवळच्या सोनिवलीपासून सुरुवात केली. तिथे नव्या बिल्डिंगांच्या रांगेमागे एक काका राहायचे, आधीचे शेतकरी, अंगणात अजून एक म्हैस. श्वासाच्या गटातले, माझे सगळ्यांत हुशार विद्यार्थी. मी बसायच्या आत म्हटलं, "काका, गोळ्या दाखवा."

"गोल्या कसल्या?"

"बीपीच्या."

ते मोकळेपणाने हसले. "गोली तं कवाच सोडली गो बाय. तुझा शास घेतो, मना बरां वाटतं. मग कशाला पोटात ती गोली?"

"पण फॉर्मवर तुमचं हो लिहिलंय."

"तू विचारलंस, चालू हाय का. घरात हाय ना, म्हणून हो बोललो."

त्यांचा बीपी मोजला. श्वासाच्या आधी, पाच मिनिटं नुसतं बसवून. एकशे अठ्ठ्याहत्तर. त्यांना वाटत होतं बरं, आणि आत हे. मी त्यांना स्कूटीवर मागे बसवलं आणि थेट त्यांच्या डॉक्टरकडे नेलं. वाटेत ते दोनदा म्हणाले, "म्हशीला पाणी दाखवायचंय." मी गाडी थांबवली नाही.

उल्हासनगरच्या आंटींकडे स्ट्रिप होत्या, पण गोळ्या सुरीने अर्ध्या केलेल्या. "आधी गोली, आधा साँस," त्या म्हणाल्या, जणू रेसिपी सांगतायत. अंबरनाथला एका बाईंनी आपल्या गोळ्या नवऱ्याच्या गोळ्यांच्या डबीत टाकल्या होत्या, त्याचा बीपी जास्त आहे म्हणून. त्या आठ दिवसांत मी रात्री अंथरुणावर पडले की पाय आपोआप हलायचे. हॉस्पिटल, घरं, हॉस्पिटल. आई म्हणाली, "तुझाच बीपी मोज कधीतरी." मी मोजला नाही. भीती वाटत होती.

आठवडा संपल्यावर मी मॅडमसमोर यादी ठेवली. दहातला एक-दीड माणूस तरी गोळीशी खेळत होता. आणि त्यातले बहुतेक श्वासाच्याच गटातले. मॅडमनी यादी दोनदा वाचली. बाजूला बसलेला आमचा डेटा बघणारा सहकारी वैतागून म्हणाला, "हे लिहिलं तर दीड वर्षाचं काम जाईल. आपण फक्त गोळ्या सुरू करून देऊ, पुढे चालू."

मी काही बोलणार होते, पण मॅडमच म्हणाल्या, "नाही. लिहायचं."

त्यांचा आवाज थकलेला होता. त्यांचंही त्यात बरंच अडकलेलं होतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. अभ्यासाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीला पत्र गेलं. नवीन माणसं घेणं तीन महिने थांबलं. प्रत्येक सहभागीला फोन झाला. सहकारी माझ्याशी बरेच दिवस सरळ बोलला नाही. फॉर्म बदलला. गोळीची ओळ तिसऱ्या पानावरून उचलून पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरांत आली, आणि ती आम्ही वाचायची नाही, समोरच्याने आपल्या शब्दांत आम्हाला सांगायची, असं ठरलं. स्ट्रिप बघणं सक्तीचं झालं. काम पुन्हा सुरू झालं तेव्हा एकेका घरात मला दुप्पट वेळ लागायला लागला. मी घाई करू शकत नव्हते आणि घाईशिवाय काम करणं मला माहीत नव्हतं.

आप्पा बारा दिवसांनी घरी आले. डावा हात अशक्त, चालताना किंचित पाय ओढत. गोळ्या आता एकाच्या चार झाल्या होत्या. त्या ते निमूट घ्यायचे. पण पहाटे उठणं थांबलं. रविवारी विहारात जाणंही थांबलं. मुलं बोलवायला आली तर आईला सांगायला लावायचे, झोपलेत म्हणून. फिजिओथेरपीला मात्र नियमित जायचे, हुकूम पाळल्यासारखे.

मी म्हटलं, "आप्पा, श्वासाने काही वाईट झालेलं नाही. गोळी सोडल्याने झालं."

"मला समजतं," ते म्हणाले.

"मग बसत का नाही?"

"बसलो की हाताकडेच लक्ष जातं."

  मी रोज कामावर जायचे, लोकांना श्वास शिकवायचे, आणि घरी तो शब्द काढायचा नाही, असं सहा-सात महिने चाललं. संध्याकाळी आम्ही तिघं जेवायला बसलो की टीव्हीचाच आवाज. मी भराभर जेवून उठायचे आणि भांडी घासायला घ्यायचे, हाताला काम हवं म्हणून.

अभ्यास संपला. मॅडमनी ठरवलं की निकाल आधी ज्यांनी भाग घेतला त्यांना सांगायचा. अंबरनाथला एक छोटा हॉल घेतला, रविवारी सकाळी. मी घरी सहज बोलले, तर आप्पा म्हणाले, "मी येऊ?"

ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले आणि शेवटच्या रांगेत बसले. आंटी सुनेला घेऊन आल्या होत्या. सोनिवलीचे काका पुढच्या रांगेत होते. तेव्हापासून त्यांनी पोट बरंच उतरवलं होतं आणि त्यांच्या डॉक्टरांनी स्वतः बघून त्यांची गोळी अर्धी केली होती. ते प्रत्येकाला सांगत होते, "डाक्टरला विचारून हां."

मॅडमनी सोप्या भाषेत सांगितलं. श्वास, चालणं आणि कमी मीठ शिकवलेल्या गटाचा बीपी दुसऱ्या गटापेक्षा थोडा जास्त उतरला होता. फार नाही, थोडा. मीठ ज्यांचं खरोखर कमी झालं त्यांचा अधिक. हार्ट अटॅक यामुळे टळतो का, ते सांगायला एवढा अभ्यास पुरत नाही. आणि काही लोकांनी मध्येच गोळ्या सोडल्या होत्या, त्यामुळे आकडे जेवढे स्वच्छ हवे होते तेवढे नाहीत, हेही त्यांनी सांगितलं. "हे गोळीच्या जागी नाही, गोळीच्या जोडीला आहे. काहींची गोळी पुढे कमी होईल, पण ते डॉक्टर ठरवेल."

कुणाला काही विचारायचंय का, असं त्यांनी म्हटल्यावर हॉलमध्ये खुर्च्या सरकायला लागल्या. लोकांना चहाची घाई होती. तेवढ्यात मागून आप्पा उभे राहिले. उजव्या हाताने पुढच्या खुर्चीची पाठ धरून.

"मी तुमच्या यादीत नव्हतो," ते म्हणाले. आवाज अजून थोडा जड होता, पण हॉल शांत झाला. "ही जी फिरते ना तुमच्याकडे, तिचा बाप मी. चार महिने मी गोळी बंद ठेवली होती. हिला न सांगता. माझं पण लिहून घ्या."

मॅडम एकदम गडबडल्या. "काका, तुम्ही अभ्यासात नसल्यामुळे तक्त्यात नाही घालता येणार. पण तुम्ही सांगा. इथे सगळ्यांना सांगा."

मग आप्पांनी सांगितलं. हेल्मेट, वही, श्वास झाल्यावर लावलेलं मशीन, सगळं. काहीही लपवलं नाही, काही रंगवलं नाही. मध्ये एकदा शब्द अडकला तेव्हा ते थांबले, श्वास घेतला आणि पुढे बोलले. मी भिंतीला टेकून उभी होते. बोलून झाल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, बरं झालं. आंटी उठून त्यांच्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "भाई, मैं भी आधी खाती थी." आप्पा म्हणाले, "आता?" त्या म्हणाल्या, "अब पूरी." मग दोघं कितीतरी वेळ कुणाला कुठली गोळी, कोणत्या वेळी, यावर बोलत बसले.

परतताना ते माझ्या स्कूटीवर मागे बसले. एमआयडीसीच्या रस्त्याला केमिकलचा वास येत होता. त्यांच्या जुन्या कंपनीच्या गेटपाशी त्यांनी मला गाडी हळू घ्यायला सांगितली, पण उतरले नाहीत.

"विहारात पुढच्या रविवारी जाईन म्हणतो," ते मागून म्हणाले.

"मुलांना शिकवायला?"

"बघू. आधी नुसता बसून येईन."

ते विहारात गेले. त्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या. मॅडमनी आता हार्ट अटॅक येऊन गेलेल्या माणसांचा नवा अभ्यास सुरू केलाय. उद्या सकाळी मला वांगणीला पहिल्या घरी जायचंय. नवा फॉर्म सहा पानांचा आहे. मी तो आज दोनदा मोठ्याने, सावकाश वाचून बघितला. तरी चौथ्या पानाला माझा वेग वाढलाच.